फाळके कुठल्या कॉलेजात गेले होते?

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका सभागृहात चर्चेला गेले होते. गावातल्या एका कॉलेजात बी.ए.ला 'चित्रपट: इतिहास आणि निर्मिती' असा पेपर सुरू करावा की नाही, हा विषय. २०२० चं शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर-मायनरची (मुख्य विषय आणि जोडविषय) जी धांदल चालू आहे, तिच्यातलाच हा एक मायनर. तीसेक माणसं जमली होती. निम्मे पालक, तीन-चार प्राध्यापक, आणि उरलेले आमच्यासारखे, न बोलावता येणारे. दीड तास वाद झाला आणि दीड तासात दोनच वाक्यं आलटून-पालटून ऐकू आली. एक बाजू म्हणे, "याला स्कोप काय?" दुसरी म्हणे, "ओटीटी आल्यापासून केवढा स्कोप आहे!" शेवटी एक निवृत्त इंजिनिअर उठले आणि म्हणाले, "अहो, दादासाहेब फाळके कुठल्या कॉलेजात गेले होते सिनेमा शिकायला?" टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरायच्या आत तडजोडही निघाली. इतिहास वगळू या, प्रॅक्टिकल ठेवू या. कॅमेरा, एडिटिंग, रील्स. पोरांच्या हाताला काहीतरी लागेल.

या तडजोडीचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सिनेमा कॉलेजात शिकवावा, आणि तो पुण्या-मुंबईच्या खास संस्थांपुरता न ठेवता साध्या बी.ए.च्या कॉलेजात शिकवावा, जिथली फी झेपते आणि जिथून मुलगी संध्याकाळी घरी येते. पण शिकवायचा तर इतिहासासकट. इतिहास काढून नुसता कॅमेरा शिकवणार असाल, तर विरोध करणारे पालकच बरोबर आहेत. मग खरंच नका शिकवू. सभेत ज्याला मधला मार्ग म्हटलं गेलं, त्यात दाणे टाकून फोलपटं ठेवली आहेत.

आता फाळके. हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात विचारला असता तर खपून गेला असता. बडोद्यात नाही खपत. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथून आले ते इथे, कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हातचं कलाभवन. गज्जर हाडाचे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा ते काढून देणारे हेच, आणि १९०७ मध्ये कोटीभास्कर नि अमीन यांच्या जोडीने अलेम्बिक ही औषध कंपनी उभारणारेही हेच. अशा माणसाच्या देखरेखीखाली फाळके तैलरंग-जलरंग, फोटोग्राफी, मूर्तिकाम, वास्तुरचना शिकले. फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा गज्जरांनी त्यांना मोकळी करून दिली. मग छपाईचे ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी रतलाम. गोध्र्यात स्टुडिओ काढला, प्लेगने बायको आणि मूल नेलं, परत बडोद्याला आले. इथे कॅमेरा माणसाचं आयुष्य ओढून घेतो अशी आवई उठलेली, त्यामुळे धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले, तेही बडोद्यातच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये यातलं काय कामाला आलं नाही, ते कोणी शोधून दाखवावं. (फिल्मला कडेची भोकं पाडायची ती अंधारात बसून त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी पाडली. त्यांच्या नावाने मात्र टाळ्या पडत नाहीत.)

कलाभवनाचं पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. सभेत टाळ्या घेणारे काका तिथलेच पदवीधर. चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, "काका, फाळके तुमच्याच कॉलेजात गेले होते." ते दिलखुलास हसले, बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाले, "पण सिनेमा नव्हते ना शिकवत तिथे?"

हा मात्र खरा मुद्दा आहे आणि तो टाळता येत नाही. नव्हते शिकवत. शिकवणार तरी कसं? ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला तोच मुळी ७ जुलै १८९६ रोजी. फाळके कलाभवनात होते तेव्हा सिनेमा नावाची चीज हिंदुस्थानात पोचलीच नव्हती. म्हणजे काकांचं म्हणणं असं मांडता येईल की आजूबाजूच्या कला नीट शिकवा, सिनेमा माणूस आपोआप करेल. मला हे निम्मं पटतं. चित्र, नाटक, छपाई, वास्तू यांच्याशी ज्याची तोंडओळख नाही त्याच्या हातात कॅमेरा देऊन फार काही निघत नाही. पण उरलेल्या निम्म्याचं काय? फाळक्यांनी चित्रकला शिकली तेव्हा चित्रकलेला परंपरा होती. त्याच सुमाराला राजा रविवर्मा याच शहराच्या महाराजांसाठी पुराणातली चित्रं रंगवत होते. पुढे फाळके रविवर्म्यांच्या छापखान्याशी जोडले गेले, आणि 'हरिश्चंद्र'ची पहिली चौकट पाहिली की त्या छापखान्यातली रंगीत छापील चित्रं, ओलिओग्राफं, डोळ्यांपुढे उभी राहतात. त्या काळात जितकं शिकण्यासारखं होतं तितकं सगळं त्या माणसाने शिकून घेतलं. सिनेमाचा इतिहास शिकला नाही, कारण तेव्हा तो घडलेला नव्हता. आज तो एकशेतीस वर्षांचा झाला आहे. फाळक्यांना जे मिळू शकत नव्हतं ते आजच्या पोराला मिळू शकतं, आणि आपण फाळक्यांचंच नाव घेऊन ते त्याला नाकारतो आहोत. यात कुठलं तर्कशास्त्र आहे? शिवाय फाळक्यांना शिकवण्याचं वावडं असतं तर १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा चित्रपट कशाला काढला असता?

दुसरं नाव सभेत आलं ते सत्यजित राय यांचं. तेही म्हणे कुठे शिकले नाहीत. योगायोग असा की तेही कलाभवनातलेच. ते शांतिनिकेतनचं, हे बडोद्याचं, एवढाच फरक. १९४० ते ४२ ते तिथे नंदलाल बोस यांच्या शाळेत चित्रकला शिकले, आणि सिनेमावरची पुस्तकं त्यांना सापडली ती तिथल्या ग्रंथालयात. १९४७ मध्ये चिदानंद दासगुप्तांबरोबर कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, म्हणजे जगभरचे चित्रपट मागवून, पाहून, त्यांवर भांडण्याची सोय स्वतःच करून घेतली. १९५० मध्ये लंडनला नोकरीच्या कामाने गेले तेव्हा काही महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. 'पथेर पांचाली' १९५५ चा. मधली पंधरा वर्षं या माणसाने अभ्यास केला नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं. फ्रान्समधल्या 'न्यू वेव्ह'वाल्या दिग्दर्शकांची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. त्यांच्यातले बरेचजण फिल्म स्कूलचे नव्हते, पण हेन्री लांग्लोआच्या पॅरिसमधल्या सिनेमाथेकच्या, म्हणजे चित्रपट-संग्रहालयाच्या, खुर्च्या त्यांनी झिजवल्या होत्या. तिथे जुने मूकपट पडद्यावर लागत आणि पोरं पहिल्या रांगेत बसून पाहत. सर्टिफिकेट मिळत नव्हतं एवढंच. तेव्हा 'थोर माणसं शिकली नाहीत' हे विधान तपासून पाहिलं की उरतं ते एवढंच: त्यांनी शिकण्याची सोय कॉलेजाबाहेर केली. ज्याला कलकत्ता, पॅरिस, लंडन मिळालं त्याने केली. बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या मुलाने ती कुठे करावी?

शांतारामबापूंचं उदाहरण जास्त अडचणीचं आहे, आणि ते कोणी दिलं असतं तर मी थोडा वेळ गप्प बसले असते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत माणूस तयार झाला. तिथून १९२९ मध्ये 'प्रभात' निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. उमेदवारीने शिकण्याची ही रीत कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा कसाला उतरलेली, हे मान्य. पण कंपनीत शिरायचं कसं? कोणाच्या तरी ओळखीने. मामा तबला वाजवतो, काका पडदे रंगवतो, शेजारी मेकअपला आहे. ज्याचा असा मामा नाही त्याने काय करायचं? आणि मुलींनी? कॉलेजाचा एक गुण आपण हिशेबात धरतच नाही: तिथे अर्ज भरून आत जाता येतं. एडिटिंगच्या खोलीत बायका अभावानेच दिसत होत्या त्या काळात रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आल्या आणि 'जाने भी दो यारों'पासून त्यांच्या कात्रीची नोंद लोकांना घ्यावी लागली. नागराज मंजुळे अहमदनगरच्या एका कॉलेजात संवादशास्त्र शिकत होते, आणि 'पिस्तुल्या' तिथल्या अभ्यासातून निघाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती खास फिल्म स्कूल नव्हती. जिल्ह्याच्या गावचं, एस.टी.ने जाता येणारं कॉलेज होतं. उमेदवारीची वाट बंद करा असं मी म्हणत नाही. पण तिच्या नावाने कॉलेजाचं दार लावलं, तर आत शिरायला फक्त मामांचं दार उरतं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता 'प्रॅक्टिकल ठेवा'कडे येते. माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे, कॉमर्सला आहे, आणि मोबाइलवर जे करतो ते पाहून मी थक्क होते. रंग बसवणं, आवाज स्वच्छ करणं, सगळं त्याने यूट्यूबवर पाहून केलेलं. मग ते शिकवायला कॉलेज कशाला? अगदी रास्त. माझाही प्रश्न तोच आहे. पण त्याची एक फित सांगते. दिवाळीत त्याने घरातला एक प्रसंग टिपला. ओटीवर झोपाळ्यावर आजी, समोर खुर्चीत माझा मोठा भाऊ, दोघांचं काहीबाही बोलणं. घरी जोडून पाहिलं तर दोघंही एकाच दिशेला बघतायत, जणू तिसऱ्याच कोणाशी बोलतायत. त्याने शोधलं, व्हिडिओ सापडला: दोन माणसांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नसते. ठीक. मग उपायही सापडला. आजीचा शॉट उलटा केला, आरशात केल्यासारखा. नजरा जुळल्या. माझ्या बहिणीने पाहिल्याबरोबर विचारलं, "आई गुजराती कधीपासून झाली?" शॉट उलटला तसा आजीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता.

हसून झालं. पण मला त्यातलं दुसरंच काही लागलं. आजीचं आणि दादाचं घराच्या वाटणीवरून वर्षभर धड बोलणं नाही. बोलतात ते दिवाळीपुरतं, फराळाच्या ताटावरून. पहिल्या जोडणीत दोघं एकमेकांकडे बघतच नव्हती, आणि त्या फितीत खरं काही असेल तर तेवढंच होतं. पोराने नेमकं तेच दुरुस्त केलं. का? तर व्हिडिओने त्याला नियम दिला आणि उपाय दिला. जपानचे यासुजिरो ओझू आयुष्यभर ही रेषा ओलांडत राहिले आणि त्यांच्या चित्रपटांत एकाच घरातली माणसं एकमेकांपासून किती लांब बसलेली असतात, हे त्याला कोणी दाखवलेलं नव्हतं. दाखवलं असतं तर त्याने कदाचित तरीही शॉट उलटा केला असता. पण तो त्याचा निर्णय असता. नियमाच्या मागे काय आहे, तो कोणी पाळला, कोणी मोडला, मोडून काय साधलं, हे कळायला मागचं पाहावं लागतं, आणि ते मागचं म्हणजेच इतिहास. त्याला वगळून राहतं ते 'प्रॅक्टिकल' मोबाइल आधीच फुकट शिकवतो आहे.

१९१९ मध्ये मॉस्कोत जगातली पहिली म्हणावी अशी फिल्म स्कूल निघाली. यादवी चाललेली, कच्च्या फिल्मचा दुष्काळ. लेव्ह कुलेशोव्हच्या वर्गातल्या पोरांनी फिल्मच नसलेल्या फिल्मा केल्या, नुसते बसवलेले प्रसंग. तिथल्या त्या पिढीने अमेरिकेतून आलेल्या ग्रिफिथच्या 'इनटॉलरन्स'चा कीस काढला, कुठे तुकडा संपतो, कुठे सुरू होतो, का. कॅमेरा नाही, रीळ नाही, हाताशी होता तो दुसऱ्याने केलेला जुना सिनेमा. आणि त्या पिढीने जोडणीच्या कलेत जे केलं ते आजही जग गिरवतं. आमच्याकडे उलट आहे. रीळ अमर्याद, कॅमेरा प्रत्येक खिशात, फक्त दुसऱ्याने केलेला जुना सिनेमा तेवढा नको.

तो का हवा याचं मराठी उदाहरण द्यायचं तर 'कुंकू'. १९३७, 'प्रभात', दिग्दर्शन शांतारामबापूंचं. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, दारं, रस्त्यावरचे आवाज, घरात जे वाजतं तेच. आजच्या कुठल्याही मुलाला विचारा, रडण्याच्या प्रसंगामागे व्हायोलिन नसेल तर चालेल का. त्याच्या डोक्यात हा प्रश्नच येत नाही, कारण अॅपमध्ये संगीताची पट्टी आपसूकच असते. त्याला 'कुंकू'मधली वीस मिनिटं अंधारात, मोठ्या आवाजात दाखवा. नव्वद वर्षांपूर्वीच्या आपल्याच भाषेतल्या माणसाने ती पट्टी रिकामी ठेवली होती, हे त्याच्या कानाला कळेल. पुढे तो व्हायोलिन लावेल की नाही, ते त्याचं त्याने बघावं.

मी स्वतः इथे फाइन आर्ट्सला कलेचा इतिहास शिकले. पडदे ओढून घेतलेल्या खोलीत दोन स्लाइड प्रोजेक्टर शेजारी-शेजारी. पडद्यावर दोन चित्रं. सर काही बोलायचे नाहीत. दोन मिनिटं, तीन मिनिटं. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज आणि तापलेल्या धुळीचा वास. मग विचारायचे, "काय दिसतंय?" आम्ही लगेच 'शांतता', 'करुणा' वगैरे बोलायला लागलो की म्हणायचे, "ते नंतर. आधी सांगा, हात कुठे आहे?" पहिलं वर्ष असं 'हात कुठे आहे' यातच गेलं. त्या वर्षी मला कोणी चित्रकार केलं नाही, नोकरी दिली नाही. पण त्यानंतर मला चित्र दाखवून कोणी सहज फसवू शकलेलं नाही, आणि आज दिवसाला शेकडो हलती चित्रं पाहणाऱ्या पोरांना हे न शिकवता बाहेर सोडणं मला उघड्या डोळ्यांनी केलेला निष्काळजीपणा वाटतो. शंभरातली दोन मुलं सिनेमा काढतील. अठ्ठ्याण्णव पाहतील, आणि मतंही देतील, खरेदीही करतील, अफवाही पुढे पाठवतील. पेपर त्या अठ्ठ्याण्णवांसाठी हवा. वाद सगळा दोघांवरून चालला आहे.

सभेत जो आक्षेप कोणी घेतलाच नाही, तोच मला सगळ्यांत जड वाटतो. अभ्यासक्रमात गेलेली गोष्ट मरते. कवितेचं काय केलं आपण? 'रसग्रहण करा, गुण ४'. संदर्भासहित स्पष्टीकरण. गाइडमधली ठरलेली चार वाक्यं. उद्या सिनेमाचंही तेच होईल: 'पथेर पांचालीमधील आगगाडीच्या प्रसंगाचे महत्त्व विशद करा'. पोरं चित्रपट न पाहता ते विशद करतील आणि पासही होतील. ही भीती मला नुसती खरी वाटत नाही, ती जवळजवळ खात्रीच आहे. तरीही मी पेपर मागते, कारण दुसरी बाजू तपासून पाहा. अभ्यासक्रमात कविता नसलेल्या किती मुलांनी घरी बसून मर्ढेकर वाचले? गाइडवाल्या वर्गातही चाळिसातल्या एखादीला ओळ लागते आणि ती संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन पुस्तक मागते. वर्गच नसेल तर तेवढंही होत नाही. आणि शिकवणं वाईट असेल तर उपाय चांगलं शिकवण्यात आहे. पोहायला वाईट शिकवतात म्हणून आपण सूरसागर तलाव बुजवला नाही.

नोकरीबद्दल फार लिहीत नाही. ज्या पालकांना हमी हवी आहे त्यांना ती देऊ नये. ती खोटी असेल. स्टुडिओची काच आणि हिरवा पडदा दाखवून लाखांत फी घेणारी दुकानं निघाली आहेत आणि त्यांच्याबद्दलचा पालकांचा संशय शंभर टक्के रास्त आहे. पण बी.ए.च्या चार वर्षांतला हा एक मायनर. इतिहासात बी.ए. करून कोणी शिवाजी होत नाही, मराठी घेऊन कोणी तुकाराम होत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं आणि चालतं. हा हिशेब सिनेमाच्याच वेळी का आठवतो?

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यापाशी थोडं थांबावं लागेल. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे १,३०० चित्रपट झाले; त्यांतले आज उरलेत ते तीसच्या आत-बाहेर, तेही बरेचसे तुकडे. 'आलम आरा', १९३१, आपला पहिला बोलपट; त्याची एकही प्रत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच हाताशी आहे, तोही राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोचून मिळवला म्हणून. बाकीचं कुठे गेलं? काही जळलं, नायट्रेटची फिल्म पेट घ्यायला टपलेलीच असते. २००३ मध्ये पुण्यात अशीच एक आग लागली. पण पुष्कळसं लोकांनी आपल्या हातांनी विकलं. फिल्ममध्ये चांदी असते; रिळं धुऊन ती काढली आणि उरलेलं भंगारात गेलं. यात कोणी दुष्ट नव्हतं. ही जपायची वस्तू आहे असं त्यांना शिकवणाराच कोणी भेटला नव्हता, एवढंच. सरकारच्या एस. के. पाटील समितीने १९५१ मध्ये सिनेमा शिकवणारी संस्था काढायला सांगितली, पुण्याची ती संस्था निघाली १९६० मध्ये आणि संग्रहालय १९६४ मध्ये. तोवर 'आलम आरा'ला तेहतीस वर्षं झाली होती.

बडोद्यात हे आत्ता, या क्षणी चालू आहे. रिळं राहू द्या, माणसं चालली आहेत. एकपडदा थिएटरं एकेक करून पडली. कार्बन जाळून प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर, शुक्रवारी बदलायची हातांनी रंगवलेली होर्डिंगं काढणारे पेंटर, ब्लॅकवाले, इंटरव्हलला सेव-उसळ विकणारे, यांतले अजून काहीजण मांडवी आणि वाडीच्या गल्ल्यांत आहेत. विशीतल्या एका मुलीने मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर दोन तास बसायचं, एवढंच काम आहे. पण ती बसेल कधी? तिला कोणी सांगितलं तर ना, की हासुद्धा इतिहास आहे आणि याचे मार्क मिळतात. 'निर्मिती' आणि 'इतिहास' हे दोन शब्द त्या पेपरच्या नावात एकत्र का होते, ते इथे कळतं. एक हात कापून दुसरा ठेवता येत नाही.

आपल्या गावाला हे नवीनही नाही. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून ग्रंथालयांचं जाळं विणलं. हे सगळं भाषणांत येतं. भाषणांत येत नाही ते हे, की त्या ग्रंथालय खात्याची एक शाखा दृश्य-शिक्षणाची होती. जादूचे कंदील, काचेच्या स्लाइडी, स्टिरिओग्राफ आणि चक्क सिनेमॅटोग्राफ घेऊन खात्याची माणसं खेड्यांत जायची आणि फुकट खेळ करायची. ग्रंथालय खातं, मनोरंजन खातं नव्हे! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने चित्र तरी नीट पाहावं, हे ज्या संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी शिक्षणाचा भाग वाटलं, त्याच्या राजधानीत आज आपण विचारतोय, सिनेमाचं शिक्षण असतं का?

अडचणी मला ठाऊक आहेत, आणि त्या 'स्कोप'पेक्षा फार साध्या आहेत. तास पंचावन्न मिनिटांचा असतो आणि चित्रपट अडीच तासांचा. पंचावन्न मिनिटांत तुकडे दाखवून भागवायचं म्हणजे भरल्या वांग्यातला मसाला चमच्याने चाखवण्यासारखं. तेव्हा टाइमटेबलमध्ये आठवड्यातून एक सलग दुपार काढावी लागेल. खोलीला खरोखर अंधार करणारे पडदे लागतील. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात साधे हिरवे पडदे कामाचे नाहीत. दोन बरे स्पीकर. आणि शिकवणारा असा, की जो चित्रपट संपल्यावर लगेच बोलायला लागत नाही. हा शेवटचा माणूस मिळणं सगळ्यांत अवघड.

चहाच्या टेबलाशी काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही, पण बरंचसं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि इंजिनिअरचा प्रश्न विचारला, "परीक्षा कशी घेणार?" मी म्हटलं, तीन मिनिटांचा तुकडा दाखवायचा, मुलांनी न पाहिलेला. दोनदा. मग कोरा कागद. काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठे कापलं. अर्थ विचारायचा नाही. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला बसता येईल का या पेपरला?"